नाव एकीचं, तोंडं गावाची

आज एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना आमचीच मान जरा खाली जाणार आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका बाईचं नाव गावाच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. अर्ध्या मिनिटाचा आवाज होता. बोलणारा कोण, ते कळत नव्हतं. गटाचे हप्ते बँकेत भरलेच नाहीत, बाईने पैसे खाल्ले, एवढंच त्यात होतं. आमच्या गटात बारा जणी. त्यातल्या सात जणींनी तो आवाज पुढे पाठवला. कोणी बहिणीला, कोणी माहेरच्या ग्रुपवर, कोणी नवऱ्याला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. ‘बघा बाई, काय कानावर येतंय’, एवढंच मनात होतं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन गावांत ती बाई चोर ठरली होती. आणि तिला एका शब्दाने विचारायला तिच्या दारात आमच्यातली एकही गेली नव्हती.

पुढे काय झालं ते शेवटी सांगू. त्या दिवसांनंतर आम्हाला एक प्रश्न पडला. माणसाचं नाव चांगलं होतं ते कशाने, आणि वाईट होतं ते कशाने? मोबाइल आला म्हणून हे सुरू झालं, की आधीपासून असंच होतं? मग आम्ही जुन्या गोष्टी शोधल्या, शिकलेल्या पोरींकडून वाचून घेतल्या. त्यातलं थोडं आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या घरापासून करू. हिंगोली जिल्हा 1999 साली परभणीतून वेगळा झाला, पण या मातीची ओळख फार जुनी आहे. कयाधू नदीकाठचं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा मानतात. पार पंजाबात त्यांचं नाव गेलं, शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची पदं आहेत. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या मागेही एक गोष्ट लागली. तरुणपणी नामदेव वाटमारी करत, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. बऱ्याच अभ्यासकांनी ती मानलेली नाही. पुढच्या काळात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी होऊन गेले, आणि दोघांच्या रचना एकमेकांत मिसळून गेल्या. तेव्हा छापखाना नव्हता, सगळं तोंडी नाही तर हाताने उतरवलेलं. कोण काय बोललं आणि कोणाच्या नावावर बसलं, याचा हिशेब कोण ठेवणार? जे आपल्या संताच्या बाबतीत होऊ शकतं, ते आपल्या बाबतीत का होणार नाही?

नामदेवांचीच आणखी एक कथा आपल्याकडे सांगतात. संतांचा मेळा जमला होता. गोरोबा काकांनी थापटणं हातात घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून बघितलं, मडकं पक्कं की कच्चं. आणि सगळ्यांदेखत नामदेवांना कच्चं ठरवलं. चारचौघांत असं ऐकलं की कोणालाही राग येतो, नामदेवांनाही आला. पण ते भांडत बसले नाहीत. ते आपल्या औंढ्याला, नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केलं. या कथेतली एक गोष्ट आम्हाला फार पटते. गोरोबांनी जे म्हणायचं ते तोंडावर म्हटलं. कच्चं म्हणणारा समोर उभा होता, त्याला नाव होतं, चेहरा होता. त्याला उलट विचारता येत होतं. पाठीमागे बोललेल्या शब्दाला काय विचारणार?

आता बायांकडे येऊ. आपल्या आया-आज्यांना चावडीवर बसायची सोय नव्हती. त्यांची चावडी म्हणजे जातं. पहाटे दळताना सासर-माहेर, नवरा, भाऊ, सीतेचा वनवास, सगळ्यावर त्यांनी ओव्या रचल्या. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. म्हणजे बायांना मत नव्हतं असं नाही. मत होतं, पण ते घराच्या उंबऱ्याच्या आत राहिलं. गावाने ते ऐकायला बसावं, अशी जागा नव्हती. बाईबद्दल गाव बोलायचं, गावाबद्दल बाई बोलली तर ती जात्यापाशी.

मग छापखाना आला. 1832 साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत मराठी वर्तमानपत्रं गावोगाव पोचली. जे बोलणं पारावर चालायचं ते कागदावर आलं. पारावरचं बोलणं दुसऱ्या दिवशी विरतं, कागदावरचं राहतं. आणि एका गावचं शंभर गावांत जातं.

1881 साली काय झालं ते ऐका. गुजरातेत सुरतेला विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. तेव्हा त्यांच्यात विधवेला पुन्हा लग्न करू देत नसत. तिला दिवस गेले. लोक काय म्हणतील या भीतीने तिने जन्मलेलं बाळ मारलं. तिच्यावर खटला चालला, फाशीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात फाशी टळून काळ्या पाण्याची झाली. पण कोर्टाच्या बाहेर दुसरं एक कोर्ट भरलं होतं, वर्तमानपत्रांचं. एका बाईचा गुन्हा, आणि बोल लावला समस्त बायांना. बायकांची जातच बेइमान, असा सूर निघाला. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ या पत्रातही असंच लिहून आलं.

आपल्या सेनगावच्या वर रिसोड ओलांडून मेहकरकडे गेलं की बुलढाणा जिल्हा लागतो. त्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे नावाची एक बाई हे सगळं वाचत होती. तिचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवलं होतं. ताराबाईने उत्तर लिहायला घेतलं. 1882 साली पुण्यात ते छापून निघालं, पुस्तकाचं नाव ‘स्त्रीपुरुष तुलना’. तुम्ही बायांच्या अंगी जे जे दोष लावता, ते पुरुषांच्या अंगी नाहीत का, असं तिने एकेक दोष घेऊन विचारलं. विधवेचा पाय घसरला म्हणता, तर तो एकटीचा कसा घसरला? दुसरा होता तो कुठे गेला? त्याचं नाव कोणत्या पत्रात आलं? शब्द आमचे आहेत, पण तिचं म्हणणं हेच होतं.

आणि हे तिने स्वतःच्या नावाने छापलं. घरातल्या बाईचं नाव चारचौघांत घेऊ नये, असं मानायचा तो काळ. प्रती निघाल्या 500. तिच्यावर टीका झाली. जोतिराव फुल्यांनी मात्र 1885 साली ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि होतं तेही लोक विसरले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा आपल्याला ताराबाई कळली. हिशेब करा बायांनो. बायांना बोल लावायला एका पत्राचा एक अंक पुरला. त्याला दिलेलं उत्तर लोकांपर्यंत नीट पोचायला नव्वदाहून जास्त वर्षं लागली.

त्याच सुमाराला मुंबईत रखमाबाईची गोष्ट घडली. अकराव्या वर्षी तिचं लग्न लागलं होतं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला. आपल्या संमतीवाचून लावलेलं लग्न आपण मानत नाही, असं ती म्हणाली. नवरा दादाजी भिकाजी याने 1884 साली कोर्टात दावा लावला. 1885 साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्रात दोन पत्रं छापून आली. बालविवाहाने आणि सक्तीच्या वैधव्याने बाईचं काय होतं, ते त्यात लिहिलं होतं. खाली सही होती, ‘एक हिंदू स्त्री’. नाव नव्हतं. ती रखमाबाई होती.

त्याच वर्षी पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. मग देशभर वाद पेटला. टिळकांच्या ‘केसरी’ने तिच्यावर टीका केली. अपील झालं, आणि 1887 साली दुसऱ्या न्यायाधीशाने हुकूम दिला, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, मी तुरुंगात जाते. दादाजीने आपली बाजू छापून वाटली. तिच्या घरच्यांना तिच्या इस्टेटीचा लोभ आहे, असा त्याचा आरोप होता. तिने त्यालाही छापील उत्तर दिलं, मुद्द्याला मुद्दा. 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरतेच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं बायांची बाळंतपणं केली. ज्या बाईचं नाव पेपरांनी चिखलात ओढलं, तिचं नाव आज शाळेतल्या पोरी आदराने घेतात.

इथे आमच्या गटात वाद झाला होता, तोही सांगतो. एक जण म्हणाली, रखमाबाईनेही नाव लपवलं, मग आमच्या गावच्या त्या आवाजाने लपवलं तर काय बिघडलं? विचार करायला लावणारा प्रश्न होता. बोलता बोलता उत्तर सापडलं. रखमाबाईने नाव लपवून स्वतःचं दुःख सांगितलं, दुसऱ्याची अब्रू काढली नाही. नाव लपवलं कारण तिला भीती होती, आणि ती भीती खरी होती. अंगावर बेतलं तेव्हा ती स्वतःच्या नावाने समोर आली. अन्याय सांगायला कोणी पदराआड तोंड लपवलं तर ते समजून घेता येतं. दगड मारायला तोंड लपवलं तर नाही.

आपल्या भागात तर बोलायचीच चोरी होती. 1948 च्या 17 सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. चार माणसांनी जाहीर सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागायची. त्या हुकमाला गश्ती निशाण 53 म्हणत. मग आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ नावाचं साप्ताहिक संस्थानाच्या हद्दीबाहेरून काढलं. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, की ते दुसऱ्या नावाने निघायचं. त्यावर बंदी आली, की तिसऱ्या. वाचकांनी तरी ते ओळखलं आणि त्यावर विश्वास ठेवला. बोलायला मिळावं म्हणून माणसांनी काय काय सोसलं, हे आपल्या मराठवाड्याला सांगायला नको. म्हणून मोबाइलच बंद करा, बायांच्या हातात देऊच नका, असं जे कोणी म्हणतं त्याच्याशी आम्ही मुळीच सहमत नाही. ज्या जात्यापाशी आपलं बोलणं अडकलं होतं, तिथून ते बाहेर काढणारं हे यंत्र आहे. आज या रेडिओवर आम्ही बोलतो आणि तुम्ही ऐकता, तेही त्यातलंच.

पण यंत्राला जबाबदारी कळत नाही, ती माणसाला कळावी लागते. दोन गोष्टी आपल्या महाराष्ट्रातल्याच ऐका.

2012 च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे वारले आणि मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, की शहर असं बंद का राहावं? तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दिली. एवढ्यावर दोघींना पोलिसांनी अटक केली. नातेवाइकाचा दवाखाना जमावाने फोडला. देशभर चर्चा झाली, पुढे तो खटला बंद झाला. त्या अटकेमुळे एक कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली. 24 मार्च 2015 रोजी कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द केलं. दुसऱ्याला नुसतं अप्रिय वाटलं म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे मत मांडणं हा आपला हक्क आहे, हे दोन साध्या पोरींमुळे पुन्हा पक्कं झालं.

दुसरी गोष्ट सांगताना जीभ जड होते. 2018 च्या उन्हाळ्यात मोबाइलवर एक निरोप फिरत होता, मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, मूळची सोलापूरकडची. कोणाला तरी संशय आला. जमाव जमला. त्या पाचही जणांना मारून मारून ठार केलं. टोळी नव्हती, पळवलेलं लेकरू नव्हतं. होता तो फक्त निरोप. आणि तो निरोप पुढे पाठवणारांत आपल्यासारख्या आयाही असतील, लेकरांच्या काळजीने पाठवणाऱ्या. डवरी गोसावी आपल्याही दारात येतात. आपण त्यांना पसाभर धान्य घालतो.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हाट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. आता फिरत आलेल्या निरोपावर वरच्या बाजूला बाणाची खूण दिसते. दोन बाण असले तर समजा, तो फार हातांतून फिरून आला आहे. आपण बाजारातून शिळी भाजी घेत नाही, पण शंभर हातांतून आलेला निरोप ताजा म्हणून घेतो.

आता आमच्या गटातल्या बाईची गोष्ट पुरी करतो.

आठ दिवस ती बैठकीला आली नाही. नळावर यायची तर अंधारात. तिच्या लेकीला शाळेत पोरांनी चिडवलं. आमच्यातली एक जण मग तिच्या घरी गेली, तेव्हा तिने एक शब्द न बोलता पेटीतून भरणा पावत्या काढून समोर ठेवल्या. चारही हप्त्यांच्या होत्या, शिक्क्यासकट. पासबुकात नोंद उशिरा झाली होती, एवढंच. कोणीतरी अर्धं बघितलं आणि पूर्ण बोललं.

आम्ही बारा जणी मारुतीच्या पारापाशी बसलो. गटाचं रजिस्टर आणि पासबुक घेऊन हप्ता, तारीख, रक्कम मोठ्याने वाचली. सरपंच आले, थोडी माणसं आली. मग ज्या सात जणींनी तो आवाज पुढे पाठवला होता, त्यांनी उभं राहून सांगितलं, आम्ही न विचारता पाठवला, आमची चूक झाली. ज्यांना ज्यांना पाठवला होता, त्या सगळ्यांना प्रत्येकीने स्वतःच्या आवाजात, स्वतःचं नाव सांगून खरी हकिकत पाठवली. सोपं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ही दुसरी हकिकत पहिल्याइतकी पळाली नाही. खोटी गोष्ट सगळ्यांनी पाठवली, खरी गोष्ट थोड्यांनीच.

तेव्हापासून आम्ही गटात काही गोष्टी पाळतो. कोणाचंही नाव घेऊन काही आलं, की आधी त्या माणसाला विचारायचं, मग बोलायचं. हे मी त्याच्या तोंडावर म्हणेन का, असं स्वतःला विचारायचं, आणि म्हणणार नसेन तर पाठवायचंही नाही. बाईचा फोटो असेल तर तो आपल्या हातून पुढे जाणार नाही. खासगी अंगाचा फोटो संमतीवाचून काढणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खाली गुन्हा आहे, आणि पुढे पाठवणाराही त्यात येतो. कोणाची खोटी बदनामी झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे. आपल्यावर असं बेतलं तर निरोप पुसून टाकू नका. त्याचा स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसू द्या, आणि पोलीस ठाण्यात एकटीने जाऊ नका, गट घेऊन जा. महिला हेल्पलाइन 181 आहे, तातडीला 112 आहे.

ताराबाईच्या वेळी गट असता, तर तिला एकटीने लिहावं लागलं नसतं. 500 प्रती बारा-बारा जणींनी वाचल्या असत्या, आणि ते पुस्तक इतकी वर्षं धुळीत पडलं नसतं.

आमची ती मैत्रीण आता बैठकीला येते. बोलते, हसते. मात्र पासबुक स्वतःकडे ठेवायला ती अजून तयार नाही. दर महिन्याला आम्ही तिच्यापुढे ठेवतो, आणि दर महिन्याला ती ते हळूच शेजारणीकडे सरकवते. आम्ही ठेवायचं थांबवलेलं नाही.

रामराम.